माल आपला, जागा दुसऱ्याची

प्रश्न : आमचं दुर्गदबैलमध्ये साड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या काळात सगळा हिशोब वहीत असायचा. मागच्या दिवाळीपासून आम्ही बिलं ईआरपीनेक्स्टवर करतो. भाची विद्यानगरला इंजिनिअरिंग शिकते, तिनेच ते बसवून दिलं. ‘मामा, हे ओपन सोर्स आहे, कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे कुणी बंदही करू शकत नाही,’ असं तेव्हा म्हणाली होती. पिशव्यांवर दुकानाचं नाव कन्नड आणि मराठी दोन्हींत छापतो, ते फॉन्टही तिने असेच फुकटातले काढून दिले. परवा सहज बोलता बोलता कळलं की या सगळ्याचा कोड गिटहबवर ठेवलेला असतो आणि गिटहब मायक्रोसॉफ्टचं आहे! मग ‘कुणाच्या मालकीचं नाही’ हे कसं? मायक्रोसॉफ्टने उद्या शटर ओढलं तर माझं बिल निघेल का? आजवर असं कधी झालंय का? आणि एवढे हुशार लोक स्वतःची जागा का करत नाहीत?
– एक वाचक, दुर्गदबैल, हुबळी

उत्तर : तुमचं बिल निघेल. एवढं आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल.

बिल का निघेल?

ईआरपीनेक्स्ट चालतं ते तुमच्या दुकानातल्या संगणकावर किंवा भाचीने तुमच्यासाठी घेतलेल्या सर्व्हरवर. गिऱ्हाइकांची नावं, उधारी, कपाटातला साठा, जीएसटीचा हिशोब, सगळं तिथल्याच डेटाबेसमध्ये असतं. गिटहबवर यातलं काही जात नाही. तिथे असतो तो सॉफ्टवेअरचा मूळ कोड. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे आणि बाहेरचे प्रोग्रामर तो तिथे लिहितात, दुरुस्त करतात. तुमचा त्या जागेशी संबंध येतो तो अपडेटच्या दिवशी. भाची ‘बेंच अपडेट’ चालवते तेव्हा नवा कोड गिटहबवरून खाली उतरतो. गिटहब बंद असेल तर त्या दिवशी अपडेट होणार नाही. दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं उघडेल.

‘कुणाच्या मालकीचं नाही’ हे मात्र भाची जरा सैल बोलली. ओपन सोर्स कोडलाही मालक असतात, कॉपीराइट असतो. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल आहे. तो म्हणतो की हा कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला कोड वाटताना घेणाऱ्याला हेच हक्क द्यावेत. एकदा दिलेला हा हक्क नियम पाळणाऱ्याकडून काढून घेता येत नाही. उद्या फ्रॅपेने धंदा बदलला तरी आज तुमच्याकडे असलेला कोड तुमचाच राहतो. म्हणजे ‘कुणी बंद करू शकत नाही’ हे भाचीचं म्हणणं परवान्यापुरतं पक्कं आहे. कच्चा दुवा आहे तो जागेचा.

कोड ठेवायचा म्हणजे काय?

गिट आणि गिटहब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. गिट हा कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा मुक्त प्रोग्राम. गिटहब ही 2008 मध्ये सुरू झालेली, गिटच्या जोरावर उभी असलेली कंपनी. 4 जून 2018 रोजी मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. याच मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी 2001 मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीला कर्करोगाची उपमा दिली होती, म्हणून तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. गिटहबवर जगभरचा खुला कोड असला तरी गिटहब ज्या कोडवर चालतं तो स्वतः खुला नाही.

गिट जन्मलं तेच एका अशाच भांडणातून. लिनक्स कर्नलचे प्रोग्रामर 2002 पासून बिटकीपर नावाचं खाजगी सॉफ्टवेअर फुकट वापरत होते. फुकट असलं तरी त्याला अटी होत्या. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने बिटकीपरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. बिटकीपरचे मालक लॅरी मॅकवॉय चिडले आणि एप्रिल 2005 मध्ये फुकट आवृत्ती बंद झाली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने 3 एप्रिलला गिट लिहायला घेतलं आणि चार दिवसांत गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवायला सुरुवात झाली. दुधाने तोंड पोळलेलं होतं, म्हणून गिटची रचनाच अशी केली की कुठलाच एक सर्व्हर मुख्य नको. भाचीने ईआरपीनेक्स्टच्या कोडचं पूर्ण क्लोन केलं, म्हणजे पूर्ण नक्कल उतरवली, तर तिच्या लॅपटॉपवर आजचा कोड येतो आणि पहिल्या दिवसापासूनचा इतिहासही येतो. हुबळीच्या त्या एका लॅपटॉपवरून अख्खा प्रकल्प पुन्हा उभा करता येईल.

मग अडतं कुठे? तुमच्या भाषेत सांगतो. गिटहब म्हणजे मोक्याच्या जागेवरचा गाळा. माल तुमचा आहे, रातोरात हातगाडीवर घालून दुसरीकडे नेता येतो. पण गिऱ्हाइकाच्या पायाला वळण लागलेलं असतं ते त्या जागेचं.

कोडबरोबर जे हलत नाही त्याची यादी लहान नाही. गिटहबवर कुणीही ‘इश्यू’ टाकतो, म्हणजे तक्रार किंवा सूचना. कुणी दुरुस्ती करून ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवतो. त्यावर चर्चा होते. तुमच्या पिशवीचंच उदाहरण घ्या. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. दोन्हींतला र वेगळा छापावा लागतो. मराठी ल आणि श यांची वळणंही हिंदीहून वेगळी. एखाद्या देवनागरी फॉन्टमध्ये हे चुकलं तर कुणीतरी चित्र जोडून इश्यू टाकतो, दुसरा म्हणतो की हिंदीवाल्यांना हे नको, तिसरा तोडगा सुचवतो आणि मग चार ओळींचा बदल होतो. त्या चार ओळी गिटमध्ये राहतात. त्या का बदलल्या याची सगळी चर्चा गिटहबच्या डेटाबेसमध्ये राहते. पाच वर्षांनी नवा माणूस येऊन ‘ही भानगड कशाला?’ म्हणून त्या ओळी काढून टाकू शकतो.

याशिवाय गिटहबवर ‘अ‍ॅक्शन्स’ असतात. नवा कोड आला की तपासण्या आपोआप चालतात, त्याही गिटहबच्या यंत्रांवर. त्यांच्या सूचना गिटहबच्याच बोलीत लिहिलेल्या असतात, दुसरीकडे नेल्या तर नव्याने जुळवून घ्याव्या लागतात. आणि उरतो पत्ता. गो या भाषेत तर दुसऱ्याचा कोड आपल्या प्रोग्राममध्ये घेताना बहुतेक वेळा त्याचा गिटहबचा पत्ताच कोडमध्ये लिहावा लागतो. जागा बदलली की हजारो ठिकाणी ती ओळ बदलायची.

शटर कुणी ओढलंय का?

ओढलंय, आणि भल्याभल्यांनी ओढलंय. गुगलने गुगल कोड ही सेवा बंद करत असल्याचं मार्च 2015 मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी 2016 मध्ये ती संपवली. खुद्द मायक्रोसॉफ्टची कोडप्लेक्स ही अशीच जागा डिसेंबर 2017 मध्ये बंद झाली. सोर्सफोर्ज एके काळी सगळ्यांचं माहेरघर. ते बंद पडलं नाही, पण 2015 मध्ये गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामच्या विंडोज आवृत्तीबरोबर तिथे जाहिरातींचं लचांड चिकटवल्याचं उघड झालं आणि विश्वास गेला तो गेला.

यावरून ‘कंपन्या वाईट’ एवढाच धडा काढला तर फसगत होईल. गिटोरियस ही जागा स्वतः मुक्त सॉफ्टवेअरवर चालत होती, तरी 2015 मध्ये गिटलॅब या अशाच दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि काही महिन्यांत बंद केली.

आपल्या लिपीशी जोडलेलं उदाहरण लोहित फॉन्टचं. रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट खुले केले आणि पुण्यातल्या तिच्या इंजिनिअरांनी ते पुढे वाढवले. लोहित देवनागरी आणि लोहित कन्नड ही त्यातलीच भावंडं. लिनक्सच्या संगणकावर मराठी किंवा कन्नड दिसायला लागलं त्यात या फॉन्टांचा वाटा मोठा. हा प्रकल्प फेडोरा होस्टेड नावाच्या जागेवर होता. फेडोरा ही रेड हॅटच्या आधाराने चालणारी मुक्त लिनक्सची चळवळ, म्हणजे जागा घरचीच म्हणायची. तरीही ती चालवणं झेपेना म्हणून 2017 च्या सुरुवातीला फेडोरा होस्टेड बंद झालं. लोहितने पगूर या फेडोराच्याच नव्या जागेत बिऱ्हाड हलवलं. कोड जसाच्या तसा आला. जुने पत्ते मात्र मेले, आणि ज्या ज्या लिनक्समध्ये लोहित जातं तिथल्या पॅकेजच्या फाइलींत नवा पत्ता घालावा लागला. पुढे डिसेंबर 2024 मध्ये फेडोराने पगूरही सोडून फोर्जेजो या मुक्त सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. दोन वेळा घर बदलायची पाळी आली, तरी फॉन्टचं काही बिघडलं नाही, कारण परवाना खुला होता, कोड गिटमध्ये होता आणि हलवायला माणसं जागेवर होती. या तिन्हींतलं तिसरं बहुतेक प्रकल्पांकडे नसतं.

तुमच्या पिशवीवरचे फॉन्ट ‘बलू’ कुटुंबातले असावेत असा माझा अंदाज आहे. देवनागरीसाठी बलू आणि कन्नडसाठी बलू तम्मा, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले. गुगल फॉन्ट्सवरून ते कुणालाही उतरवता येतात. ‘एक टाइप’च्या मुक्ता, बलू अशा फॉन्टांच्या मूळ फाइली गिटहबवर आहेत. म्हणजे पिशवीवरच्या नावाचाही माग शेवटी तिथेच लागतो.

शटर दुसऱ्यानेच ओढलं तर?

तुमच्या पत्रात हा प्रश्न नाही, पण भारतातल्या माणसाला तो आधी पडायला हवा. पहिला रस्ता सरकारी आदेशाचा. डिसेंबर 2014 मध्ये दूरसंचार विभागाने 32 संकेतस्थळं रोखायचा आदेश काढला. मागणी होती मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाची. आयसिसचा प्रचारकी मजकूर या स्थळांवर टाकला जातो असं त्यांचं म्हणणं. यादीत पेस्टबिन, व्हिमिओ, इंटरनेट अर्काइव्ह आणि त्यांच्याबरोबर गिटहबचा ‘गिस्ट’ हा भागही होता. कुणीतरी काही टाकलं म्हणून त्या पत्त्यावरच्या सगळ्यांचा रस्ता अडला. नंतर बंदी टप्प्याटप्प्याने उठली. जानेवारी 2023 मध्येही काही भारतीय इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवरून गिटहबच्या फाइली पुरवणारा पत्ता उघडेनासा झाल्याच्या तक्रारी आल्या.

दुसरा रस्ता अमेरिकेच्या कायद्याचा. जुलै 2019 मध्ये गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर निर्बंध घातले, कारण कंपनी अमेरिकी आणि तिथल्या निर्बंधांना ती बांधील. त्या प्रोग्रामरांचा गुन्हा एवढाच की ते त्या भागांत राहत होते. इराणसाठी गिटहबला सरकारी परवाना मिळाला तो जानेवारी 2021 मध्ये. तिसरा रस्ता खाजगी तक्रारीचा. 23 ऑक्टोबर 2020 रोजी अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून यूट्यूबवरचे व्हिडिओ उतरवून घेणारा यूट्यूब-डीएल हा प्रकल्प गिटहबवरून उतरवला गेला आणि बराच गदारोळ झाल्यावर 16 नोव्हेंबरला परत चढला. या तिन्ही रस्त्यांवर गिटहबच्या मनात खोट होती असं नाही. सगळं एका दारातून जात असलं की दारावर हात ठेवणारा कुणीही पुरतो.

स्वतःची जागा का करत नाहीत?

काहींनी केली आहे. लिनक्स कर्नल स्वतःच्या सर्व्हरवर राहतो, दुरुस्त्या आजही ईमेलने जातात-येतात, गिटहबवर त्याची फक्त नक्कल असते. डेबियन आणि गनोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी 2018 मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅबचं सॉफ्टवेअर बसवलं, केडीई 2020 मध्ये त्याच वाटेने गेलं. 2022 मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकी संस्थेने ‘गिटहब सोडा’ अशी मोहीमच काढली. लोकांच्या खुल्या कोडवर शिकवलेलं कोपायलट हे कोड लिहून देणारं एआय गिटहब पैसे घेऊन विकतं आणि मूळ परवान्यांचं काय, याला धड उत्तर देत नाही, हे एक मोठं कारण. बर्लिनची कोडबर्ग ही सभासदांनी चालवलेली ना-नफा जागा आहे आणि तीही फोर्जेजोवरच चालते.

उलटा प्रवासही तितकाच खरा. पायथन भाषेने 2017 मध्ये कोड आणि एप्रिल 2022 मध्ये तक्रारींची सगळी नोंद आपल्या सर्व्हरवरून गिटहबवर नेली. ते लोक अडाणी नाहीत. स्वतःची जागा म्हणजे मध्यरात्री सर्व्हर पडला तर कुणीतरी उठायचं, बॅकअप घ्यायचे, फालतू खाती उडवायची. अलीकडे एआयसाठी मजकूर गोळा करणारे यांत्रिक ओरबाडे अशा लहान सर्व्हरांना इतके छळतात की गनोमला आपल्या गिटलॅबच्या दारात खास अडसर बसवावा लागला. शिवाय नवा माणूस आपलं गिटहबचं खातं घेऊनच येतो. नोकरी देणाराही तेच बघतो. चार मुलांच्या प्रकल्पाने दुसरीकडे दुकान मांडलं तर पाचवा मुलगा तिथे जाईलच याची खात्री नाही.

म्हणून प्रत्येकाने गिटहब सोडावं असं मी म्हणणार नाही. पाहायचं ते एवढंच की उद्या सोडायची वेळ आली तर आठवड्याभरात सोडता येईल का? येत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या जागेत राहण्यात फारसा धोका नाही. येत नसेल तर धर्मादाय संस्थेच्या जागेतही आहे.

तुम्ही आणि भाचीने काय करावं?

तुम्ही तुमचं बघा. डेटाबेसचा बॅकअप रोज व्हावा आणि त्याची एक प्रत दुकानाबाहेर असावी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. ईआरपीनेक्स्टची जी आवृत्ती आज नीट चालते तिचा कोड आणि पिशवीवरच्या फॉन्टच्या फाइली, परवान्याच्या कागदासकट, आपल्याकडे उतरवून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

भाचीने तिच्या खात्यावर दुकानासाठी केलेले बदल ठेवले असतील, बिलाचा कन्नड-मराठी नमुना वगैरे. तिने त्याची पूर्ण नक्कल दुसऱ्या जागी चढवावी, कोडबर्गवर किंवा दुकानातल्याच एखाद्या जुन्या संगणकावर फोर्जेजो बसवून. फोर्जेजोला फार मोठं यंत्र लागत नाही. गिटला एकाच वेळी दोन ठिकाणी कोड पाठवायला सांगता येतं, ते एकदा लावून टाकलं की विसरून जायचं. इश्यू आणि चर्चा गिटहबच्या एपीआयमधून फाइलींत उतरवता येतात, त्या तिने दर तिमाहीला उतरवाव्यात. बदलाचं कारण इश्यूत लिहितोच, ते गिटच्या नोंदीतही दोन ओळींत लिहायची सवय ठेवावी, म्हणजे कारण कोडबरोबर प्रवास करेल. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने 2016 मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज जगभरचा खुला कोड जपून ठेवतं, तिथे आपल्या रेपोचा, म्हणजे कोडच्या कोठाराचा, पत्ता देऊन ‘हे जतन करा’ अशी विनंती कुणालाही करता येते. प्रकल्प मोठा व्हायची चिन्हं असतील तर स्वतःचं डोमेन घ्यावं आणि लोकांना तोच पत्ता द्यावा, मागे कोड कुठेही असो.

राहता राहिला पैसा. मायक्रोसॉफ्ट खुल्या प्रकल्पांना फुकट जागा देते, कारण मोठ्या कंपन्यांकडून ती पैसे घेते आणि एवढे प्रोग्रामर आपल्या छताखाली असणं तिच्या फायद्याचं आहे. लोकांनी चालवलेल्या जागांचा खर्च देणगीवर चालतो. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला, हे चांगलं झालं. पण जिच्यावर रोज गल्ला मोजला जातो त्या वस्तूसाठी वापरणाऱ्यानेही थोडं सोडायला हवं. विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याला जे पैसे वर्षाकाठी गेले असते त्यांतला दहावा हिस्सा फ्रॅपेच्या सेवेला, फॉन्ट करणाऱ्यांना किंवा कोडबर्गसारख्या जागेला द्या. आणि भाचीला सांगा, पिशवीवरचं एखादं जोडाक्षर चुकीचं छापून आलं तर हळहळून गप्प बसू नको, इश्यू टाक. पैशापेक्षा अशा तक्रारींचीच या प्रकल्पांकडे जास्त चणचण असते.